रनफ्लॅट नको म्हणालास, तेव्हा

शीतल,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. हुपरीच्या त्या हॉलमध्ये दोन तास माणसं बोलत होती. शांत स्वभावाचा माणूस, कधी कुणाला दुखावलं नाही, नावाप्रमाणंच शीतल. मी शेवटच्या रांगेत दात आवळून बसलो होतो. शांत स्वभावाचा म्हणे! पुढचा रिक्षावाला सिग्नलला दोन सेकंद उशिरा हलला तर काच खाली करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा तू. शेवटी कुणीतरी माइक माझ्यापुढं धरला. "दिलीपराव, तुम्ही त्यांचे शाळेपासूनचे मित्र. दोन शब्द बोला." मी मान हलवली. लोकांना वाटलं, गहिवरून आलंय. तुझ्या थोरल्या भावाला, भूपालअण्णाला वाटलं, मला बोलायला तोंड नाही. दोघांचंही चुकलं. मला तुझा राग आला होता, आणि मेलेल्या माणसाला माइकवरून शिव्या देता येत नाहीत.

आज बत्तीस दिवस झाले. राग उतरत नाही. म्हणून शिरोली नाक्यावरच्या माझ्या टायरच्या दुकानात भर दुपारी लिहायला बसलोय. गिऱ्हाईक आलं तर उठेन, पुन्हा येऊन बसेन. तुला ऐकून घ्यावं लागेल. आयुष्यात पहिल्यांदा तुला मध्येच तोडता येणार नाही.

सहावीत तू हुपरीहून कोल्हापूरला बोर्डिंगात शिकायला आलास. पहिल्या दिवशी हजेरी घेताना सर "शीतल" म्हणाले आणि मुलींच्या बाकांकडं बघायला लागले. तू उभा राहिलास. "आमच्या जैनात पोरांचं असतंय हे नाव, सर." अख्खा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत तू सगळ्यात मोठ्यानं हसलेल्या पोराला गाठून बडवलंस. तो मी होतो. दुसऱ्या दिवशी तुझ्या घरनं आलेल्या डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढं सरकवलीस, एक शब्द न बोलता. माफी मागणं तुला कधी जमलं नाही. काहीतरी पुढं सरकवायचास आणि विषय संपवायचास.

पुराच्या वर्षी दुकानात पाणी शिरलं तेव्हाही तसंच. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून माझा सगळा माल बुडताना बघत होतो. तू हुपरीहून कुठल्या कुठल्या वाटांनी ट्रॅक्टर घेऊन आलास. टायरात पाणी भरलं की ते किती जड होतं हे माझ्या धंद्यातल्या माणसालाच ठाऊक. तू कमरेइतक्या पाण्यात उतरून एकेक टायर उपसत राहिलास. मी ओरडत होतो, "अरे थांब, माणसं बोलावतो!" तू मागं न बघता म्हणालास, "हात मोडल्यात काय आपलं?"

ही गोष्ट मी अभिमानानं किती जणांना सांगितली असेल. दुकानात नवा माणूस आला की भिंतीवरची पाण्याची खूण दाखवायची आणि तुझी गोष्ट सांगायची. आता सांगत नाही. आता ती आठवली तरी कपाळ तापतं. तुझं ते एक वाक्य मला तेव्हाच खटकायला हवं होतं. कुणाची वाट बघणं, कुणाला हाक मारणं, कुणाला "जरा हात लाव" म्हणणं तुला आयुष्यात एकदा तरी जमलं का? आणि आम्ही मूर्ख, त्यालाच तुझा मोठेपणा समजत राहिलो.

जूनमधल्या एका रविवारी तू आणि सुनीता वहिनी दुकानात आलात. तुझी ती मोठी काळी जर्मन एसयूव्ही. चांदीच्या पैंजणांवर कमावलेली, पोरासारखी जपलेली. चारी टायर गुळगुळीत झाले होते. कंपनीनं घातलेले ते रनफ्लॅट. वहिनींना मी खुर्ची दिली आणि तुम्हा दोघांना समजावून सांगितलं, जसं सगळ्यांना सांगतो तसंच. रनफ्लॅटची बाजूची भिंत जाड आणि कडक असते. हवा गेली तरी टायर बसत नाही. ताशी ऐंशीच्या आत ठेवलं तर ऐंशीएक किलोमीटर गाडी नेता येते. म्हणून तर अशा गाडीत कंपनी स्टेपनी देत नाही. पण तीच भिंत तुम्हाला धक्का देते. साधा टायर खड्डा थोडा गिळतो. रनफ्लॅट तो जसाच्या तसा सीटपर्यंत पोचवतो.

"मग बरोबर," वहिनी म्हणाल्या. "गाडी एवढी महागाची, पण चंदगडला जाऊन आले की वाटतं बैलगाडीतनं आले."

वहिनींचं माहेर चंदगडच्या पुढं, आई तिथं एकटी. महिन्यातनं एक फेरी चुकत नाही. आणि वहिनींच्या मणक्यातली गादी सरकलेली. प्रत्येक फेरीनंतर दोन दिवस आडव्या.

तू लगेच म्हणालास, "रनफ्लॅट नको. साधं घाल. मऊतलं मऊ काय असंल ते."

"अरे, रस्ता बघ की. नेसरी सोडलीस की पावसाळ्यात माणूस दिसत न्हाय. फोनला रेंज न्हाय. रनफ्लॅट असलं तर सावकाश चंदगड गाठशील. साधं असलं आणि पंक्चर झालं तर तिथंच बसशील."

"बसंन."

"तुम्ही?" वहिनी हसल्या. "तुम्ही बसणार? लग्नाच्या मांडवात सुद्धा बसला नव्हता."

आपण दोघं पंधरा दिवस भांडलो. तू रोज फोन करून मोबाइलवर वाचलेलं मला ऐकवायचास. मी म्हणायचो, तुझ्या गाडीसाठी ज्यांनी टायर निवडला ते काय खुळे होते? तू म्हणायचास, त्यांनी जर्मनीतला रस्ता बघून निवडला, चंदगडचा न्हाय. मी म्हणायचो, साधा टायर घातलास तर बरोबर स्टेपनी पाहिजे. तू म्हणायचास, डिकीत तिच्या आईची तांदळाची पोती ठेवू का तुझी स्टेपनी? शेवटी मी त्याच मापाचे साधे टायर तासाभरासाठी तुझ्या गाडीला चढवले आणि म्हणालो, चला, फिरून बघू. वहिनी पुढं, मी मागं. हुपरीच्या रस्त्यावर मुद्दाम खड्ड्यांतनं घे म्हणालो. दोन-चार खड्डे गेले. वहिनींनी डोळे मिटले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आता बरं वाटतंय."

तू त्यांच्याकडं एकदा बघितलंस. मी मागच्या सीटवरून ते बघितलं. त्या नजरेसाठी मी तुला आणखी शंभर गोष्टी माफ केल्या असत्या.

"झालं," तू म्हणालास. "ठरलं."

मी म्हणालो, "ठरलं न्हाय. साधे घालीन, पण स्टेपनीशिवाय न्हाय. पूर्ण मापाचं चाक, डिकीत. नसंल तर दुसऱ्या दुकानात जा."

तू कुरकुर केलीस आणि हो म्हणालास. मग मी जो प्रश्न मोठ्या गाडीच्या प्रत्येक मालकाला विचारतो तो तुलाही विचारला. हे चाक तीस किलोच्या वर जातं. म्हातारं माणूस असेल, कंबर धरलेली असेल, बाई एकटी गाडी नेत असेल, तर मी भांडून रनफ्लॅटच देतो. मी विचारलं, "पंक्चर झालं तर चाक कोण बदलणार?"

तू असं बघितलंस की मी तुझा अपमानच केलाय. "मी बदलीन की. हात मोडल्यात काय?"

बोलताना तू हात पुढं केला होतास आणि मला तुझं मनगट दिसलं. आतल्या बाजूला काळंनिळं. मी विचारलं, काय झालं. म्हणालास, चांदीच्या भट्टीपाशी भाजलं. मी मान डोलावली आणि टायर काढायला घेतले. शीतल, भाजलं तर कातडी निळी पडत नाही. हे मला कळायला नको होतं? तीस वर्षं गरम रबराशी खेळतोय, कितीदा भाजलोय. पण मी ऐकून घेतलं, कारण तू सांगितलंस.

पुढचं वहिनींनी मला गडहिंग्लजच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून सांगितलं. चंदगडला निघालेलात, सकाळचे साडेदहा. नेसरीच्या पुढं, झड लागलेली. डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला. तू गाडी कडेला घेतलीस. मागचं डावं चाक बसलेलं. वहिनी म्हणाल्या, कुणीतरी येईल, थांबूया. तू म्हणालास, धा मिनिटांचं काम हाय. त्या उतरायला लागल्या तर म्हणालास, "उतरू नकोस, गारठ्यानं पाठ भरंल." म्हणून त्या आत बसून राहिल्या. डिकी उघडल्याचा आवाज आला. गाडी जॅकवर उचलली गेली. पाना फिरल्याचा आवाज. काहीतरी जड खाली ठेवल्याचा आवाज. मग पुन्हा पाना. मग काहीच नाही. त्यांना वाटलं, तू दम खातोयस. काचेवर पाणी होतं, मागचं दिसत नव्हतं. दोन मिनिटांनी त्यांनी हाक मारली.

चंदगडहून येणारी एसटी थांबली. ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघांनी मिळून तुला उचललं, मागच्या लांब सीटवर आडवं केलं आणि बस कुठंही न थांबवता गडहिंग्लजला आणली. उतरायचे होते ते प्रवासी सुद्धा थांबवा म्हणाले नाहीत. त्या कंडक्टरचं नाव वहिनींना विचारता आलं नाही. तुझं डोकं त्यानं शेवटपर्यंत मांडीवर धरलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "यांना हृदयाचा त्रास होता का?" वहिनी म्हणाल्या, "नाही हो, कधीच नाही."

तिसऱ्या दिवशी मी एसटीनं नेसरीला गेलो. गाडी आणायला दुसरं कोण जाणार? गाडी तशीच होती, कुणी हात लावला नव्हता. स्टेपनी चढवलेली. पाच बोल्टांपैकी तीन आवळलेले, चौथा अर्ध्यावर, पाचवा चिखलात. मी तो पाचवा बोल्ट उचलला, शर्टाला पुसला आणि तिथंच गुडघे टेकून बसलो. ती स्टेपनी माझी होती. मी हट्टानं तुझ्या डिकीत घातलेली. ती नसती तर तू चाक बदलूच शकला नसतास, चरफडत का होईना गाडीत बसून राहिला असतास, आणि ती एसटी तुम्हा दोघांना जिवंत घेऊन गेली असती. तीस वर्षांत मी दिलेला सगळ्यात जबाबदार सल्ला तो होता.

तेव्हा मला फक्त दुःख होतं. राग नंतर आला. उरलेले बोल्ट आवळले, गाडीत बसलो आणि गाडीचे कागद बघायला समोरचा कप्पा उघडला. गाडीच्या माहितीपुस्तकाखाली लिफाफा होता. सांगलीच्या एका दवाखान्याचा. मनगटातनं नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीचा अहवाल, तुझ्या नावाचा. तीन नळ्यांत अडथळे. बायपास लवकरात लवकर. खाली डॉक्टरांच्या अक्षरात सूचना: जड वजन उचलू नये. आणि तारीख. टायर बसवायला आलास त्याच्या अकरा दिवस आधीची.

त्या दिवशी तू मला फोन केला होतास, आठवतंय? म्हणालास, राजकोटला आलोय चांदीच्या कामाला. "लय गरम हाय इथं, दिल्या, भाजून निघालो." सांगलीच्या दवाखान्यातल्या खाटेवरून तू मला राजकोटचं हवामान सांगत होतास.

लिफाफ्यावर तुझ्या हातानं एकच ओळ लिहिलेली. "दिवाळीनंतर बघू." सणांचा सीझन निघून गेला की, पैंजणांच्या ऑर्डरी पुऱ्या झाल्या की, मग तुझं हृदय. हृदयालाही तू गिऱ्हाइकासारखं तारीख देऊन परत पाठवलंस.

अरे नालायका, मला सांगायचं होतंस. मी तुला प्रश्न विचारला होता. तोंडावर, स्पष्ट. मी गप्पा मारत नव्हतो. कुठला टायर द्यायचा हे मी त्या उत्तरावर ठरवतो. तू खरं बोलला असतास तर मी वहिनींच्या पायाशी बसून त्यांना रनफ्लॅट घ्यायला लावलं असतं. पंधरा दिवस तू माझ्याशी रबराच्या भिंतीवर, खड्ड्यांवर, जर्मनीवर वाद घातलास आणि ज्या एका गोष्टीवर सगळं ठरायचं होतं ती कप्प्यात ठेवून आलास. तो वाद खोटा होता. मी खरा भांडत होतो, तू नुसता बोलत होतास. आणि जिंकलास.

मी लिफाफा कुणाला दाखवला नाही. वहिनींना कळलं तर त्यांच्या डोक्यात पहिला विचार काय येईल, हे मला माहीत होतं. टायर मऊ पाहिजेत हे त्यांच्या पाठीसाठी. मग त्या पुढचं सगळं आयुष्य त्या पाठीला शिव्या देत काढतील. मी लिफाफा गल्ल्याच्या खणात, जुन्या गॅरंटी कार्डांखाली ठेवून दिला.

भूपालअण्णा आठव्या दिवशी दुकानात आला. गिऱ्हाइकं होती. दारातूनच ओरडला, "काय धंदा करतोस रं तू? माझ्या भावाच्या गाडीला कंपनीचे टायर होते. ते काढून तू असलं काय घातलंस? तुझ्या टायरनं गेला तो."

"अण्णा, आत या, बसा."

"बसायला आलो न्हाय. सांग, का काढलंस ते?"

माझ्यापासून हातभर अंतरावर तो खण होता. मी म्हणालो, "माझं चुकलं." अण्णा बघत राहिला. त्याला भांडायचं होतं, मी भांडलो नाही. तो गेला, आणि मी तुला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की लिहिता येणार नाहीत. तू तिकडं सुटलास. तुझ्या भावापुढं मान खाली घालून उभं राहायला मी राहिलो.

वहिनी एकविसाव्या दिवशी आल्या. रिक्षानं, एकट्या. त्याच खुर्चीवर बसल्या. पर्समधून गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली.

"यांच्या रेनकोटच्या खिशात होती. मेडिकलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, हृदयाची आहे." मग माझ्याकडं सरळ बघत म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

"आधी न्हाय, वैनी. नंतर कळलं."

"नंतर म्हणजे?"

मी खण उघडला. त्यांनी लिफाफा घेतला, अहवाल वाचला, तारीख वाचली, बोटांवर दिवस मोजले.

"म्हणजे मी इथं बसले होते, ते तिथं उभे होते, आणि त्यांना हे माहीत होतं."

"व्हय."

"आणि तुम्ही विचारलं होतं, चाक कोण बदलणार."

"व्हय."

त्यांनी अहवाल घडी करून लिफाफ्यात घातला. मग म्हणाल्या, "गाढव." एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून तुझं नाव सुद्धा ऐकलं नव्हतं. "गाढव माणूस!" दुसऱ्यांदा आवाज चढला, शेजारच्या पंक्चरवाल्यानं वळून बघितलं.

मी घाईनं म्हणालो, "टायर मीच सुचवले, वैनी. तुमचा काही..."

"खोटं बोलू नका, भाऊजी. एका घरात दोन खोटी माणसं नकोत मला." डोळे वाहत होते पण आवाज हलत नव्हता. "माझ्या पाठीसाठी घेतले, मला माहीत आहे. मला काय लहान पोर समजता सगळे? हे एकदा बोलले असते तर मी म्हटलं असतं, घाला ते कडक. दोन दिवस आडवी पडत होते, चार दिवस पडले असते. पाठदुखीनं कुणी मरतं का? मला विचारलंच नाही. माझ्या वतीनं सगळं ठरवून टाकलं, माझ्यावर उपकार करून गेले. आता ह्या उपकाराचं मी काय करू?"

 तुझ्याकडं उत्तर असेल तर सांग.

जाताना त्या लिफाफा घेऊन गेल्या. "अण्णांना मी दाखवते. तुम्ही मध्ये पडू नका." दोन दिवसांनी संध्याकाळी अण्णा आला.  बाकड्यावर बसला, मी मागवलेला चहा प्यायला. उठताना म्हणाला, "मोपेडच्या मागच्या चाकात हवा कमी वाटतीया. बघ जरा." हवा बरोबर होती. मी तरी थोडी भरली. तुमच्या घरात माफी अशीच मागतात.

एवढं सगळं लिहून राग कमी होईल असं वाटलं होतं. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. एकाला कंबरेचा पट्टा होता. त्याला मी चाक कोण बदलणार हे विचारून थांबलो नाही. बीपी आहे का, साखर आहे का, छातीत दुखतं का, सगळं विचारलं. त्यानं चिडून म्हटलं, "टायर घ्यायला आलोय, पावणं, तपासून घ्यायला न्हाय." म्हणू दे. आता मी सगळ्यांना विचारणार. आणि परवा मी माझ्या बायकोला सांगितलं की माझी साखर गेल्या वर्षापासून वाढलेली आहे. ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. तिनं बोलू नयेच.

आज सकाळी नऊला तुझी गाडी दुकानासमोर थांबली. वहिनी चालवत होत्या. छोटी गाडी त्यांनी पूर्वी चालवली होती, ही कधी नाही. पाठीमागं उशी, सीटच्या टोकावर बसलेल्या.

"चंदगडला निघाले. आई वाट बघत असेल. हवा बघून द्या."

"एकट्या? वैनी, अण्णांना..."

"अण्णांना सांगून निघालेय."

मी हवा बघितली. चारी टायर आणि स्टेपनी. मग मनात होतं ते बोललो. "वैनी, रनफ्लॅट घालून देतो. आज, आत्ता. तासाभराचं काम हाय. तुम्ही एकट्या असणार त्या रस्त्याला."

त्यांनी गाडीच्या मागच्या चाकाकडं बघितलं. "नको. हेच राहू देत."

"पण पंक्चर झालं तर?"

"झालं तर दारं लावून आत बसेन. कुणीतरी येईल. एसटी येईल, दूधवाला येईल. त्याला सांगेन, दादा, स्टेपनी आहे, लावून द्या. तासभर लागेल, दोन तास लागतील." त्या थांबल्या. "मला वाट बघता येते, भाऊजी. त्यांना येत नव्हती. तेवढंच झालं."

 माझ्या सगळ्या धंद्याच्या अकलेपेक्षा ते शहाणं होतं. तू जिवंत असतास तर मी तुला ते वाक्य दहा वेळा म्हणायला लावलं असतं.

"निदान सीट तरी पुढं घ्या," मी म्हणालो. "अशा टोकावर बसून पाठीची वाट लागंल." नेसरीहून गाडी आणताना सीट मी माझ्या मापानं हलवली होती. दारावर बटणं आहेत ती मी त्यांना दाखवली. त्यांचं बोट चुकून पहिल्या बटणावर पडलं, एक नंबरच्या. त्यात तुझं माप साठवलेलं होतं. सीट आवाज करत मागं सरकायला लागली, मागं, आणखी मागं, पाठ कलली, स्टिअरिंग दूर गेलं. वहिनींचे पाय ब्रेकपासून वीतभर अलीकडं लोंबकळले. तुझ्या जागेवर त्या लहान पोरीसारख्या दिसत होत्या.

"एवढं लांब बसत होते?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. 

त्या तशाच बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून, डोकं मागं टेकून. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत होता, त्याला मी हातानं थांबवलं. मग त्यांनी सीट पुढं घेतली, उशी काढून शेजारी ठेवली, आरसा वाकवला. "हे असंच राहायला काय करायचं?"

"कुठलं तरी बटण दाबून धरा, आवाज येईपर्यंत. दोन नंबर मोकळं हाय."

त्यांनी दोनवर बोट ठेवलं. उचललं. एकवर ठेवलं आणि दाबून धरलं. बारीकसा आवाज आला. तुझं माप गेलं.

मी त्यांना थांबवलं नाही, शीतल.